पायलीभर ज्वारीची शाळा

ढाणकीहून अमरावतीला जायचं तर एरवी तुम्ही उमरखेडला गाडी बदलता, पुसदला चहा घेता आणि दिवस मावळायच्या आत पोचता. या खेपेला तिकीट १९२८ सालाचं आहे, म्हणून दोन-चार गोष्टी आधीच सांगून ठेवतो. मोबाईल घरी ठेवा. डोक्याला पागोटं असेल तर उत्तम, नसेल तर टोपी चालेल. कनवटीला कलदार रुपये बांधा, कारण खिशातल्या पाचशेच्या नोटेला तिकडे कोणी विचारणार नाही. आणि 'तालुका कोणता?' असं कुणी विचारलं तर उमरखेड म्हणू नका, लोक चक्रावतील. तुम्ही पुसद तालुक्यात आहात. तो पुसद तालुकाही १९०५पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता. वाशीम जिल्हा मोडला, पुसद इकडे आलं आणि वणी जिल्हा म्हणून ओळखला जाणारा मुलूख यवतमाळ झाला.

दक्षिणेकडे पैनगंगा आहे. ती तेवढी ओळखीची वाटेल. पलीकडचं हदगाव, हिमायतनगर मात्र आता 'मोगलाई'त आहे, म्हणजे निजामाच्या राज्यात. तिकडे हाली सिक्का चालतो आणि कचेरीची भाषा उर्दू. १९१८मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं, तेव्हा पलीकडच्या मराठी पोराला मोठं व्हायचं तर आधी भाषा बदलावी लागते. अलीकडे वऱ्हाड. वऱ्हाडचा मालकही कागदोपत्री निजामच. १८५३च्या करारानं त्यानं हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि १९०२मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा लावून दिला. जमीन एकाची, अंमल दुसऱ्याचा, आणि कापूस जातो मँचेस्टरला. असल्या गावकुसात शाळा ही कुणाचीच पहिली निकड नसते.

गाडीवान बैल जुंपतोय. दसरा होऊन गेलाय, वेचणी जोरात आहे, ज्वारी कणसात आलीय. तुम्ही मागे कडब्यावर बसता.

"कुठवर जाता, पाव्हणे?"

"अमरावतीले."

"येवढ्या दूर? कोर्टकचेरीचं काम हाये काय?"

"नाही, शाळा पाहाले."

तो वळून तुमच्याकडे बघतो आणि हसतो. "शाळा पाहाले गाडीभाडं देऊन कोनी जाते काय बावा!"

थोडं अंतर गप्प जातं. मग तोच सुरू होतो, कारण शाळेचा विषय त्याच्याही घरात आहे. "आमचं पोट्टं चवथी पास झालं. मास्तर म्हनते, म्होरं शिकव. म्होरं म्हंजे कुठं? पुसदले खोली करून ठेवू का यवतमाळले? अन् खाईन काय थे तिथं? पुस्तकं खाईन?"

हा शेवटचा प्रश्न नीट ऐकून ठेवा. शिक्षणाच्या धोरणावर त्या काळी जे अहवाल निघत होते त्यांत शाळांची संख्या आहे, मास्तरांचे पगार आहेत, तपासनीसांचे शेरे आहेत. पण गावात शाळा नव्हती म्हणून जितकी पोरं अडली, तितकीच पुढच्या गावी भाकर नव्हती म्हणून अडली. गाडीवानाला हे कळलेलं आहे. अमरावतीत एका बॅरिस्टरलाही कळलंय, आणि तुम्ही निघालात ते त्याला बघायला.

पुसद, दिग्रस करत गाडी दारव्ह्याला पोचते. तिथून रेल्वे. यवतमाळ ते मुर्तिजापूरची ही अरुंद रुळांची गाडी. तिला लोक पुढे 'शकुंतला' म्हणणार आहेत. एका इंग्रज कंपनीनं ती घातली ती माणसांच्या सोयीसाठी नव्हे, कापसाच्या. डब्यात तुमच्याशेजारी सरकीचा वास येत राहतो. कारंजा आलं की खिडकीतून बाहेर बघा. पापळ नावाच्या खेड्यातलं शामराव आणि राधाबाई देशमुखांचं पोरगं इथे शिकायला राहिलं होतं. २७ डिसेंबर १८९८चा जन्म. गावातली शाळा संपली की पोरानं गाव सोडायचं, ती संपली की आणखी मोठं गाव गाठायचं. पंजाबरावाचं सगळं शालेय शिक्षण असं गाव बदलत झालं. त्याच्या घरी थोडीफार शेती होती आणि बापाची हिंमत होती, म्हणून तो अमरावतीला पोचला, पुढे पुण्याला फर्ग्युसनमध्ये गेला आणि १९२०मध्ये विलायतेला. गाडीवानाच्या पोराकडे हिंमत आहे. शेती नाही.

विलायतेहून तो बॅरिस्टर होऊन आला, आणि वेदवाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेटही घेऊन आला. ज्या काळात कुणब्याच्या घरी वेदोक्त मंत्र म्हणायचे की नाहीत यावर वाद झडत होते, त्या काळात कुणब्याचा पोरगा वेदांवरचा अधिकारी म्हणून परततो. वऱ्हाडातल्या भटजींनी ही बातमी कशी ऐकली असेल, याची मला फार उत्सुकता आहे.

मुर्तिजापूरला मोठ्या गाडीत बसा, बडनेऱ्याला उतरून पुन्हा बदला. अमरावतीला रेल्वेची शाखा संपते आणि शहर सुरू होतं: परकोट, पलीकडे अंबादेवी, सगळीकडे जिनिंगचे भोंगे आणि कापसाच्या गाड्या. मागच्याच वर्षी, नोव्हेंबर १९२७मध्ये, या अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून इथे परिषद भरली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष म्हणून आले होते. महाडच्या तळ्याचं पाणी त्या वर्षी आधीच ढवळून निघालं होतं. देशमुख त्या चळवळीच्या बाजूनं उभे होते. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं, मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी. पुढे त्या राज्यसभेच्या सदस्य झाल्या.

आता जिल्हा कौन्सिलच्या कचेरीत जा. अध्यक्ष तिशीतलेही नाहीत. निवडून आलेले आहेत, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे शिक्षणसुधारक म्हटला की सनदी अधिकारी, मिशनरी किंवा त्यागी मास्तर डोळ्यांपुढे येतो. हा माणूस मतं मागून आलेला आहे. रस्ते, दवाखाने, गुरांचे कोंडवाडे, विहिरी आणि प्राथमिक शाळा, अशी सगळी खिचडी त्याच्या टेबलावर आहे. मध्य प्रांताच्या १९२०च्या कायद्यानं स्थानिक संस्थांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मुभा दिलीय. मुभा म्हणजे पैसा नव्हे. तरी देशमुखांनी सक्तीच्या शिक्षणाचा आग्रह धरला आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या.

ठराव वहीत लिहिला जातो तेव्हा तुम्ही मागच्या बाकावर आहात. शाई वाळू द्या, पण तिच्यावर फार भरवसा ठेवू नका. कौन्सिलचा ठराव गावच्या विहिरीवर दोर सोडून देत नाही, आणि सक्तीचा कायदा वेचणीच्या दिवसांत पोरगं शेतातून उचलून आणत नाही. देशमुखांना हे ठाऊक आहे. म्हणूनच त्यांचं खरं काम या कचेरीत नाही.

ते श्रद्धानंद छात्रालयात आहे. स्वामी श्रद्धानंदांची डिसेंबर १९२६मध्ये दिल्लीत हत्या झाली होती, त्यांच्या नावानं हे वसतिगृह. सगळ्या जातींच्या पोरांसाठी. पैसा उभा करायचा मार्ग घरच्या चुलीपाशीच सापडला. त्याचं नाव मुष्टिफंड. घरातल्या बाईनं दळायला धान्य काढताना एक मूठ बाजूला ठेवायची. आठवडा-पंधरवड्यानं ती गोळा होऊन पोत्यात जायची आणि पोतं छात्रालयात.

आत या, चपला काढा. ओसरीवर पोतं उसवलंय आणि दोन पोरं सुपात ज्वारी पाखडतायत. तिसरा पायलीनं मोजून वहीत खुणा करतो. या ज्वारीकडे जवळून बघा. बाजारातल्या ज्वारीसारखी ती एकरंगी नाही: काही दाणे पांढरे टपोरे, काही पिवळट, काही किडके, मध्येच तुरीचा एखादा, मध्येच मातीचा खडा. किती तरी घरांच्या किती तरी मुठी आहेत या. देशमुखवाड्यातली मूठ कुठली आणि गावकुसाबाहेरची कुठली, हे जात्यात पडल्यावर कुणाला सांगता येणार नाही, आणि संध्याकाळी त्याची भाकर सगळे एकाच पंगतीत खाणार आहेत. कौन्सिलच्या ठरावानं जे विहिरीवर होत नव्हतं ते इथे पंगतीत होतंय, आणि कुणी त्याचं भाषणही करत नाही.

"आज कोन्या गावचं पोतं व्हय?" एक पोरगा विचारतो.

"खडे पाह्य अन् वळख," दुसरा म्हणतो.

कंदील लागतात. भाकर, झुणका, अंबाडीची भाजी. जेवण झाल्यावर वाचायला बसलेल्या पोरांमध्ये ढाणकीच्या गाडीवानाचं पोरगं शोधू नका, ते इथे नाही. एवढ्या लांबून यायला त्याला अजून वेळ आहे. पण त्याच्यासारखी इथे आहेत. 'खाईन काय थे?' या प्रश्नाचं उत्तर एका पायलीत मोजलं जातंय. साताऱ्याकडे भाऊराव पाटलांनी हेच केलं. रयत शिक्षण संस्था १९१९ची, साताऱ्याचं वसतिगृह १९२४चं. एकमेकांपासून इतक्या लांब असलेल्या दोन माणसांनी शाळेच्या आधी चुलीचा विचार केला, याला मी योगायोग म्हणणार नाही. दोघेही खेड्यातून, पायी, उपाशी शाळेत गेलेल्या पोरांमध्ये वाढले होते.

आता थोडं पुढे चला, नागपूरला. १९३० साल. देशमुख प्रांतिक कायदेमंडळात निवडून आले आणि मंत्री झाले. खाती शिक्षण, शेती, सहकार. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, आता काय, शिक्षणाचा मंत्रीच आपला. आत बसून बघा म्हणजे खरं कळेल. १९१९च्या सुधारणांनी दुहेरी राज्यपद्धती आणली होती. शिक्षण 'सोपीव' खातं, ते भारतीय मंत्र्याकडे. खजिना 'राखीव' खातं, तो गव्हर्नरच्या माणसाकडे. मंत्र्यानं शाळा मागावी आणि दुसऱ्यानं पैसा नाही म्हणावं, अशी ती सोय. त्यात १९२९ची जागतिक मंदी. कापसाचा भाव कोसळला, वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या जमिनी सावकाराच्या खात्यावर जाऊ लागल्या. प्रांतानं १९३३मध्ये कर्जलवादाचा कायदा केला, त्यामागे देशमुखांची धडपड होती. ते १९३३पर्यंत मंत्री होते.

आणि या सगळ्याच्या मधोमध, १९३२मध्ये, अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली.

इथे जरा थांबा, कारण सगळ्या कथेतली मला सगळ्यात बोलकी वाटणारी तारीख ही आहे. कापूस मातीमोल, शेतकरी कर्जात, सरकारी खजिना बंद. शहाणा माणूस असल्या वर्षी संस्था काढत नाही. पण शिक्षणमंत्र्याच्या खुर्चीत बसूनच देशमुखांना दिसलं असणार की सही आपली असली तरी तिजोरी आपली नाही. सरकार शाळेला मान्यता देईल, अनुदान देईल, तपासनीस पाठवेल, पण खेड्यातल्या पोराला गोळा करून आणणार नाही, जेवू घालणार नाही. ते लोकांनाच करावं लागेल. हा माझा तर्क आहे, पण तारखाही तेच सांगतात.

मग शाळा कुणाची? पैसा बराचसा सरकारचा, कारभार संस्थेचा, मुलं कुणाचीही, फी परवडेल तितकी. ही व्यवस्था आपल्याला इतकी सवयीची आहे की तिच्यात नवल वाटत नाही. १८५४च्या वुडच्या खलित्यानं खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचं तत्त्व मांडलं, आणि महाराष्ट्रातल्या बऱ्याचशा माध्यमिक शिक्षणाची गोष्ट त्या तत्त्वावर उभी आहे. अमेरिकेत मात्र १९९१ साली मिनेसोटा राज्यानं असा कायदा केला की सरकारी पैशावर चालणारी पण सरकारी मंडळाच्या बाहेरची शाळा परवानाधारक शिक्षकांना काढता येईल, आणि पुढच्या वर्षी सेंट पॉल शहरात पहिली 'चार्टर स्कूल' उघडली, तेव्हा तिकडे तो मोठा शोध मानला गेला. अजूनही तिकडे त्यावर भांडणं होतात. नगरसेवक, आमदार होऊन मग अशी शाळा काढणारे तिकडेही आहेत. अमरावतीच्या माणसानं ते ऐकलं असतं तर म्हटलं असतं, यात नवं काय?

एक गोष्ट मात्र नवी आहे, आणि आपण ती टाळतो. चार्टर म्हणजे ठरावीक मुदतीचा करार. मुलं शिकली नाहीत, हिशेब जुळले नाहीत, तर करार पुढे चालू ठेवायचा नाही आणि शाळा बंद करायची, असं तिथे कायदाच म्हणतो, आणि शाळा बंदही होतात. आपल्याकडे अनुदान एकदा मिळालं की ते वतनासारखं चालतं. संस्थाचालक बदलले, मुलगा आला, सून आली, नातू आला. मुष्टिफंडातल्या घरांना विचारायला कोणी जात नाही.

आता वेगानं परत फिरू. देशमुख घटना समितीत बसतात. १९५२मध्ये अमरावतीतून लोकसभेवर निवडून येतात आणि नेहरूंच्या मंत्रिमंडळात दहा वर्षं शेतीखातं सांभाळतात. डिसेंबर १९५९मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरतं, उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर येतात. तिकडे न थांबता इकडे बघा. श्री शिवाजीच्या शाळा, महाविद्यालयं वऱ्हाडभर पसरलीत. रयतनंतरची राज्यातली मोठी संस्था म्हणून तिचं नाव घेतलं जातं. १० एप्रिल १९६५ला पंजाबराव गेले. अकोल्याला १९६९मध्ये कृषी विद्यापीठ निघालं, त्याला त्यांचं नाव मिळालं. यवतमाळ जिल्ह्याची शेती आजही त्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते, म्हणजे तुमच्या ढाणकीतल्या कपाशीच्या शिफारशीसुद्धा.

पुसद मागे टाकता टाकता आणखी एक माणूस आठवा. गहुलीचे वसंतराव नाईक पुसदच्या नगरपालिकेतून राजकारणात वर आले आणि १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या वडिलांच्या नावानं पुसदला फुलसिंग नाईक महाविद्यालय आहे. नगरपालिका, जिल्हा कौन्सिल, मग शाळा-कॉलेज, ही वाट वऱ्हाडात रुळलेली आहे. तिच्यावरून चांगली माणसं चालली म्हणून ती चांगली, एवढंच तिच्याबद्दल म्हणता येईल.

कारण याच वाटेवर १९८३ आहे. त्या साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली, आणि 'शिक्षणमहर्षी' हा शब्द छापील पत्रिकांवर सर्रास येऊ लागला. शिक्षणसम्राट असं लोक मागून म्हणत. मूठभर ज्वारीऐवजी देणगी आली. मास्तर निवडणुकीत पोलचिटा वाटू लागले. २०१२मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला, त्यातून सरकारनं अनुदानाच्या जबाबदारीतून अंग काढून घेतलं. देशमुखांनी राजकारणातली ताकद शाळेकडे वळवली होती. पुढच्या पुष्कळांनी शाळेतली ताकद राजकारणाकडे वळवली. दोन्ही उलाढालींना कागदावर एकच नाव आहे: शिक्षणप्रसार.

यात सगळे सारखे नाहीत, हे मलाही कळतं. प्रामाणिक संस्था मी पाहिल्यात, आणि सरकारी शाळेला कुलूप लागू नये म्हणून स्वतःच्या पगारातून पोरांना वह्या घेणारे मास्तरही. पण पंजाबरावांच्या फोटोला हार घालणाऱ्या प्रत्येक संस्थाचालकाला एक प्रश्न विचारायची आपली सवय गेलीय: तुमच्या शाळेला जोडून वसतिगृह आहे का, आणि त्यात कोण राहतं?

पैनगंगेचा काठ आला, उतरा. हा आजचा उमरखेड तालुका, आणि ढाणकीला आता नगरपंचायत आहे. म्हणजे मतं मागायला येणारे घराच्या दारात आहेत, आणि त्यांच्यातलाच कुणी उद्या शाळा काढायला निघेल. निघू द्या. पण शिक्षणहक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला एक व्यवस्थापन समिती नेमावी लागते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया. अनुदानित शाळेत या समितीला सल्ल्यापुरताच अधिकार आहे, हे २०१२च्या दुरुस्तीनं करून ठेवलंय. तरीही पुढच्या बैठकीला जा. पहिलीत नाव घातलेल्या पोरांपैकी किती आठवीपर्यंत टिकली आणि त्यापुढे ती कुठे गेली, याचा हिशेब मागा. वेचणीच्या दिवसांत गैरहजर राहणाऱ्या पोरांची नावं मागा. आणि ती पोरं पुढच्या गावी शिकायला गेली तर खातील काय, हेही विचारा.